पाळी जाताना संबंधाच्या वेळी दुखतंय? नेमकं कोणत्या क्रमाने काय करायचं

या विषयावर बायका विचारतात तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "कुठली जेल चांगली गं?" आणि गडबड तिथूनच सुरू होते. जेल ही या सगळ्या कामातली जवळजवळ शेवटची पायरी आहे आणि आपण तिथूनच सुरुवात करतो, एकदोनदा लावून बघतो, उलट आगच होते, मग "मला नाही सूट होत" म्हणून ट्यूब कपाटात साड्यांच्या मागे जाते आणि पुढची दोन वर्षं रात्री लवकर झोप आल्याचं नाटक करण्यात जातात.

दुसरी गडबड म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी एकच समजणं. ल्युब्रिकंट, म्हणजे वर म्हटलेली जेल, हे फक्त त्या वेळेपुरतं घर्षण कमी करतं. मॉइश्चरायझर हे संबंध असोत नसोत, ठरलेल्या दिवशी लावायचं असतं. आणि हार्मोनचं क्रीम हे औषध आहे, ते कातडीच सुधारतं, पण आठवड्यांनी. तिन्ही ट्यूबमध्येच येतात म्हणून कोणी हार्मोन क्रीम ऐनवेळी ल्युब्रिकंटसारखं लावते तर कोणी ल्युब्रिकंटने कातडी सुधारायची वाट बघत बसते.

एवढं समजून घ्या की पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा कमी होतो, ताण सहन करायची क्षमता जाते, ओलावा उशिरा आणि कमी येतो. आतली आम्लताही कमी होते म्हणून चांगले बॅक्टेरिया घटतात आणि लघवीचं इन्फेक्शन सारखं सारखं व्हायला लागतं. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांत ओसरतं, हे मात्र आपोआप ओसरत नाही, सोडून दिलं तर वाढतच जातं. म्हणून "होईल बरं हळूहळू" हा प्लॅन इथे चालत नाही.

आणि वयाचं म्हणाल तर आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, त्रास त्याच्या आधीच, पाळी पुढेमागे व्हायला लागली की सुरू होऊ शकतो. पाळी जायच्या आधीच दोन्ही ओव्हरी (बीजकोश) काढल्या असतील तर वय कितीही असो, इस्ट्रोजेन एकदम घटतं आणि त्रास लवकर सुरू होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशवी काढायच्या ऑपरेशनचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, त्यात कित्येकी तिशी-चाळिशीतल्या होत्या. "पिशवी काढली" एवढंच माहीत असतं, ओव्हरी ठेवल्या की काढल्या हे बाईला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा, पुढे लागणार आहे.

१. आधी दुखतंय कुठे ते शोधा

"संबंधाच्या वेळी दुखतं" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. जागा शोधा.

योनीच्या तोंडाशीच दुखतं, आत शिरतानाच चिरल्यासारखं होतं, नंतर लघवी लागली की झोंबतं: हा कोरडेपणाचा नेहमीचा प्रकार.

थोडं आत गेल्यावर अडल्यासारखं, "पुढे भिंतच आहे" असं वाटतं: इथे बहुतेक वेळा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरलेले असतात. दुखेल या भीतीनेच ते आवळतात, आपण मुद्दाम करत नाही.

खूप आत, ठराविक पोझिशनमध्ये ओटीपोटात कळ जाते: फायब्रॉइड (पिशवीतली गाठ), एन्डोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), ओव्हरीतली गाठ, काहीही असू शकतं. याला कुठलीही जेल उपयोगाची नाही, सोनोग्राफी लागते.

कित्येकींना पहिलं आणि दुसरं दोन्ही एकत्र असतं, कारण आधी कोरडेपणाने दुखलं आणि मग शरीराने धडा घेतला.

आता एक काम करा जे बहुतेक बायकांनी आयुष्यात केलेलं नसतं, हातात छोटा आरसा घेऊन चांगल्या उजेडात बघा. दार लावून, निवांत, आंघोळीनंतर. कातडी फिकट, पातळ, कोरडी दिसते का, कुठे चीर आहे का. पांढरे चट्टे, चकचकीत कागदासारखी कातडी, आतले ओठ चिकटून नाहीसे झाल्यासारखे दिसतात का. हे दिसलं आणि खूप खाजही असेल, विशेषतः रात्री, तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असू शकतो, त्याला वेगळं औषध लागतं आणि वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते.

मोबाइलच्या नोट्समध्ये दोन ओळी टिपून ठेवा. "शुक्रवार. शिरतानाच दुखलं, थांबलो. सकाळपर्यंत लघवीला आग." एवढं पुरे. डॉक्टरसमोर बसल्यावर काही आठवत नाही, तेव्हा हेच वाचून दाखवायचं.

थांबा, यातलं काही असेल तर पुढच्या पायऱ्या नंतर, आधी डॉक्टर:
- पाळी जाऊन १२ महिने झाले आणि नंतर रक्त दिसलं, एक थेंब जरी, चहाच्या रंगाचा डाग जरी
- संबंधांनंतर रक्त येतं
- न भरणारी जखम, गाठ, घाण वासाचं अंगावरून जाणं
- ताप आणि ओटीपोटात दुखणं

पाळी गेल्यावर आलेलं रक्त "उष्णता झाली" म्हणून सोडायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण कॅन्सर नाही हे बघूनच पुढे जायचं असतं.

२. जे चुकीचं लावतोय ते बंद करा

ही पायरी फुकट आहे म्हणून कुणी गांभीर्याने घेत नाही, पण मला विचाराल तर निम्मी आग इथेच कमी होते.

साबण बंद. सुगंधी इंटिमेट वॉश बंद, त्याच्यावर कितीही "पीएच बॅलन्स" लिहिलेलं असू दे. डेटॉल टाकलेल्या पाण्यात बसणं बंद, हे अजूनही कितीतरी घरांत चालतं आणि पातळ झालेल्या कातडीवर ते अक्षरशः भाजतं. वेट वाइप्स, पावडर, सुगंधी पॅड, "असू दे" म्हणून रोज लावलेला पॅन्टीलायनर, सगळं बंद. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, आतून धुवायचंच नाही. कॉटनची निकर, रात्री शक्य असेल तर नकोच.

मग येतं मेडिकलवाल्याकडून आणलेलं मलम. खाज म्हणजे फंगस असं आपण ठरवूनच टाकलंय. पण इस्ट्रोजेन कमी झाल्यावर कोरडेपणानेच खाज येते, आणि शुगर नॉर्मल असेल तर पाळी गेल्यानंतर फंगस उलट कमीच होतं. तरी बायका महिनोन्‌महिने अँटिफंगल लावत राहतात, त्यातल्या घटकांनी अजून झोंबतं, मग दुसरं मलम. सगळ्यात वाईट ती तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं, अँटिफंगल, अँटिबायोटिक आणि स्ट्रॉइड एकाच ट्यूबमध्ये. दोन दिवस छान वाटतं ते स्ट्रॉइडमुळे, पुढे कातडी आणखी पातळ होते.

डायबिटीस असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लिहिलंय का? या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे खाली खरोखर फंगस होतं आणि परत परत होतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, शुगरवाल्या डॉक्टरला "खाली सारखं इन्फेक्शन होतंय" असं सांगायचं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या रोज घेत असाल तर त्यांनीही कोरडेपणा वाढू शकतो, तेही सांगा.

चेक: दोन आठवडे हे सगळं बंद ठेवून साध्या दिवशीची, म्हणजे चालताना बसताना होणारी आग कमी झाली का? नसेल तर वाट बघू नका, पुढच्या पायरीवर जा.

३. डॉक्टरकडे: काय बोलायचं ते घरूनच ठरवून जा

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण आपण गोल गोल बोलतो. "थोडं कोरडं वाटतं", "अंगावर जातं", "कंबर दुखते" आणि खरं सांगायचं ते दाराबाहेर पडल्यावर आठवतं. पहिल्याच वाक्यात सांगा: "डॉक्टर, पाळी जाऊन दीड वर्ष झालं, संबंधाच्या वेळी तोंडाशी दुखतं, सहा महिने झाले, साध्या वेळीही आग होते." एवढ्या एका वाक्यात त्यांना निम्मं निदान मिळतं.

सोबत न्यायचं: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो, आतापर्यंत लावलेल्या मलमांचे फोटो, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, शेवटची पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) आणि सोनोग्राफी. घरात किंवा स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर, पायात रक्ताची गुठळी, लिव्हरचा आजार असेल तर न विचारता सांगा.

तपासणीत दुखेल ही भीती खरी आहे. म्हणून आधीच म्हणा, "छोटं स्पेक्युलम वापरा, आणि मी थांबा म्हटलं की थांबा." स्पेक्युलम म्हणजे आतलं दिसावं म्हणून घालतात ते उपकरण. हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, चांगल्या गायनॅक स्वतःच विचारतात. तपासणी न करता फक्त ऐकून मलम लिहून दिलं तर "एकदा बघून घेता का?" असं म्हणा, कारण लायकेन आणि कोरडेपणा यांतला फरक टेबलाच्या पलीकडून दिसत नाही.

आणि "आता या वयात कशाला हवंय" असं ऐकायला मिळालं तर वाद घालत बसू नका, डॉक्टर बदला. नवऱ्यासाठी नाही, लघवीचं इन्फेक्शन आणि बसता-उठताची आग तुमचीच आहे.

४. मॉइश्चरायझर: संबंध असोत नसोत

टाचांच्या भेगांना आपण लग्नाला जायच्या दिवशीच क्रीम लावत नाही, आधीपासून लावतो, इथेही तसंच. योनीसाठीचं मॉइश्चरायझर वेगळं मिळतं, हायलुरॉनिक ॲसिडवालं किंवा पॉलिकार्बोफिलवालं, जेल किंवा आत ठेवायच्या गोळीच्या रूपात. चेहऱ्याला लावायचं क्रीम, बॉडी लोशन, ॲलोव्हेराचं हिरवं सुगंधी जेल, हे आत लावायचं नाही.

कसं लावायचं:
- आधी एक दिवस हाताच्या आतल्या बाजूला, मग बाहेरच्या ओठावर थोडंसं लावून बघा. झोंबलं तर ते नको.
- रात्री झोपताना, दर दोन-तीन दिवसांनी.
- फक्त आत नाही, योनीच्या तोंडाच्या कडेला बोटाने सगळीकडे. दुखतं तिथेच, आणि तीच जागा बायका विसरतात.
- ॲप्लिकेटर (आत लावायला सोबत मिळणारी नळी) नको वाटत असेल तर स्वच्छ बोट चालतं, नख कापलेलं.

खोबरेल तेलाचं काय, हा प्रश्न येणारच. बाहेरच्या कोरड्या कातडीला साधं, वास नसलेलं खोबरेल तेल बऱ्याचजणींना चालतं. पण कंडोम वापरत असाल तर तेल, व्हॅसलीन, तूप काहीही नको, लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. आणि पाळी अजून अधूनमधून येत असेल तर गर्भ राहू शकतो, पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीपासून २ वर्षं आणि पन्नाशीनंतर १ वर्ष काळजी घ्यायला सांगतात. "आता कुठे राहतंय" म्हणत ४७ व्या वर्षी धावपळ झालेल्या बायका प्रत्येक गायनॅकने बघितलेल्या असतात.

हलका त्रास असेल तर फक्त एवढ्याने भागतं. सहा-आठ आठवडे नियमित लावूनही फरक नाही किंवा त्रास सुरुवातीलाच जास्त आहे, तर पाचवी पायरी.

५. इस्ट्रोजेनचं क्रीम: सगळ्यात जास्त चुका इथे

हे डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. आपल्याकडे एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम जास्त लिहून देतात. "हार्मोन" शब्द ऐकून आणि पाकिटातला कागद वाचून कितीतरी जणी ट्यूब न उघडताच ठेवून देतात. त्या कागदावरच्या भीतीदायक ओळी मुख्यतः पोटातून घ्यायच्या, सगळ्या शरीरात जाणाऱ्या हार्मोनच्या अभ्यासांवरून आल्या आहेत. खाली लावायचा डोस अगदी कमी असतो, रक्तात फार थोडं जातं, आणि म्हणूनच पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गोळी साधारण लागत नाही.

लावायची पद्धत नीट बघा:

हात धुवा. ॲप्लिकेटर ट्यूबच्या तोंडावर फिरवून बसवा आणि ट्यूब हळूच दाबा, दट्ट्या मागे सरकतो, चिठ्ठीवरच्या डोसच्या खुणेपर्यंतच भरा. पूर्ण भरायचा नाही, ही चूक खूप होते. आडव्या व्हा, गुडघे वर, ॲप्लिकेटरच्या टोकाला थोडं पाणी लावा. दिशा सरळ वर छताकडे नाही, कंबरेच्या माकडहाडाकडे तिरकी, योनीमार्ग तसाच असतो आणि सरळ ढकललं म्हणून टोचतं. चार-पाच सेंटीमीटर आत गेला की पुरे, शेवटपर्यंत नको. दट्ट्या हळू दाबा, बाहेर काढा. डोसमधलंच थोडं, वाटाण्यापेक्षा कमी, बोटावर घेऊन तोंडाशी लावा, विशेषतः खालच्या बाजूला जिथे चिरतं तिथे. ॲप्लिकेटर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडा होतो.

झोपताना लावा, म्हणजे उभं राहून सगळं बाहेर येत नाही. सकाळी थोडं पांढरं आलं तर ते क्रीमच आहे, इन्फेक्शन नाही.

साधारण वेळापत्रक: पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. दोन वार पक्के करून टाका, सोमवार-गुरुवार म्हणा, म्हणजे विसरत नाही. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर तेच पाळायचं.

पहिल्या आठवड्यात थोडं झोंबू शकतं कारण कातडीच पातळ आहे. इथेच बायका सोडतात. थोडंसं असेल तर धीर धरा, खूप असेल तर डॉक्टरला फोन करा, क्रीमऐवजी आत ठेवायची छोटी गोळी मिळते, ती कमी झोंबते.

नेहमीच्या चुका, पटापट:
- आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद. फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवायला लागतो, पूर्ण परिणामाला ८ ते १२ आठवडे.
- बरं वाटलं म्हणून बंद. मग काही आठवड्यांत पहिल्यासारखं. हे औषध चालू आहे तोवरच काम करतं.
- संबंधांच्या आधी ल्युब्रिकंट म्हणून लावणं. नवऱ्याच्या कातडीतून त्याच्या अंगात जातं आणि काही क्रीममुळे कंडोमही कमजोर होतो. त्या रात्री आधी संबंध, मग क्रीम, किंवा क्रीम दुसऱ्या दिवशी.
- मैत्रिणीची ट्यूब मागून लावणं.

थांबा: ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल, टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल किंवा ॲनॅस्ट्रोझोल ही त्यावरची गोळी चालू असेल, तर गायनॅकने लिहून दिलं तरी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हे क्रीम सुरू करायचं नाही. लेट्रोझोल-ॲनॅस्ट्रोझोलने कोरडेपणा भयंकर होतो हे त्यांना माहीत असतं, पण ते विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. मॉइश्चरायझर, ल्युब्रिकंट आणि स्नायूंचे व्यायाम यांना कसलीही अडचण नसते.

६. तोवर आत शिरणं बंद, आणि स्नायूंचं काम

क्रीम चालू केल्यापासून पहिले तीन-चार आठवडे आत शिरायचा प्रयत्नच करू नका. दुखत असताना "होऊन जाऊ दे एकदाचं" म्हणून दात आवळून घेतलं की शरीर ते लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी स्पर्शाआधीच खालचे स्नायू आवळतात, मग कातडी सुधारली तरी दुखणं जात नाही. क्रीमने काही झालं नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचं खरं कारण हेच असतं.

या काळात रोज पाच मिनिटं: उताणं झोपा, गुडघ्यांखाली उशी, एक हात पोटावर. श्वास आत घेताना पोट वर येऊ द्या आणि खालची जागा सैल सुटतेय, लघवी सोडताना सुटते तशी, याकडे लक्ष द्या. श्वास सोडताना काहीच करायचं नाही. बस. इथे यूट्यूबवर बघून केगल करत बसू नका, केगल आवळायचा व्यायाम आहे आणि तुमचे स्नायू आधीच आवळलेले आहेत.

आठवड्या-दोन आठवड्यांनी बोट. तुमचंच, नख कापलेलं, भरपूर ल्युब्रिकंट लावून (कुठलं ते सातव्या पायरीत). आधी नुसतं तोंडाशी ठेवा, श्वास घ्या, मग एक पेर आत. हलवायचं नाही, नुसतं ठेवायचं, पाच मिनिटं. ते सहज जमलं की खालच्या बाजूला, गुदद्वाराच्या दिशेने, हलका दाब देऊन धरा. पुढे डायलेटरचा सेट मिळतो, म्हणजे आत ठेवायच्या गुळगुळीत कांड्या, वाढत्या जाडीच्या, सगळ्यात बारीकपासून सुरू करायचं, आठवड्यातून तीन-चारदा दहा मिनिटं. एक साइज अगदी सहज जायला लागल्याशिवाय पुढचा नाही.

नियम एकच, दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की मागच्या पायरीवर. जोर लावून प्रगती होत नाही.

पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे याच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे, फिजिओथेरपिस्ट असतात. मुंबई-पुण्यात सहज मिळतात, इतर ठिकाणी गायनॅकला विचारा. "अडल्यासारखं" दुखणं असेल तर दोन-चार वेळा नक्की दाखवा.

७. आता जेल

आता कुठे तो पहिला प्रश्न आला. मेडिकलवाला काउंटरवर काळ्या पिशवीत गुंडाळून देतो आणि आपणही घाईने पर्समध्ये टाकतो, तिथेच थांबून बॉक्सची मागची बाजू वाचा. लाजायचं काय त्यात, आपण पैसे देतोय.

नको असलेलं: सुगंध, फ्लेवर, "वॉर्मिंग" किंवा "कूलिंग", पॅराबेन. घटकांच्या यादीत ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल अगदी वरच्या दोन-तीन नावांत असेल तर ते पातळ कातडीतलं पाणी ओढून घेतं आणि झोंबतं. "जेल सूट झाली नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणींच्या ट्यूबवर हेच असतं. बॉक्सवर ऑस्मोलॅलिटीचा (जेल किती दाट द्रावण आहे, म्हणजे किती पाणी ओढेल, याचा) आकडा दिला असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा १२०० आहे, जितका कमी तितकं बरं. पीएच ४.५ च्या आसपास.

पाण्याचं बेस असलेलं कंडोमसोबत चालतं, धुऊन जातं, पण लवकर सुकतं, जवळ पाण्याची वाटी ठेवा, दोन थेंबांनी परत ओलं होतं. सिलिकॉनचं, यादीत डायमेथिकोन असं दिसेल, ते बराच वेळ टिकतं, कमी झोंबतं, कंडोमलाही चालतं. खूप कोरडेपणा असेल तर मी सिलिकॉनवालंच सुचवीन, फक्त चादरीवर डाग राहतो आणि सिलिकॉनच्या डायलेटरवर वापरायचं नाही.

जागा बधिर करायची लिग्नोकेन जेली मनाने लावू नका. दुखणं ही सूचना आहे, ती बंद करून संबंध ठेवले तर चीर पडलेली दुसऱ्या दिवशी कळते.

८. नवऱ्याशी बोलणं, आणि मग प्रत्यक्ष

बोलायची वेळ अंथरुणात नाही. संध्याकाळी चालायला गेल्यावर, गाडीत, जिथे एकमेकांकडे बघावं लागत नाही तिथे सोपं जातं. "मला तुम्ही नको असं नाहीये, मला दुखतं, औषध चालू आहे, महिनाभर आत नको, बाकी जवळ या." एवढं सरळ. बऱ्याच नवऱ्यांना वाटत असतं की हिला आता रस नाही, किंवा आपलंच काही चुकतंय, आणि दोघं पलंगाच्या दोन कडांना.

त्यांचंही वय झालेलं असतं. ताठरपणा कमी झाला की शिरायला जोर लावावा लागतो आणि तो तुम्हाला दुखतो, म्हणजे त्यांचीही तपासणी, शुगर-बीपीसकट, व्हायला हवी. पण बायकोचं काही विचारायच्या आधीच मेडिकलमधून ताठरपणाची गोळी आणून घ्यायची, हे मात्र चूक. एक तर हार्टच्या काही गोळ्यांसोबत ती धोक्याची असते, दुसरं म्हणजे इकडे अजून तयारीच झालेली नसते.

बोट किंवा मधला डायलेटर न दुखता जायला लागला की प्रयत्न करा. क्रम असा:

घाई नसलेली वेळ निवडा, जेवणानंतर लगेच नको. आधी लघवीला जाऊन या. मग निवांत जवळीक, पूर्वी पाच मिनिटांत येणारा ओलावा आता वीस मिनिटं घेऊ शकतो आणि ते नॉर्मल आहे. जेल तुम्ही तोंडाशी आणि थोडी आत लावा आणि त्यांनाही लावा, दोन्हीकडे, सढळ हाताने. तुम्ही वर किंवा दोघं कुशीवर, म्हणजे किती आणि केव्हा हे तुमच्या हातात राहतं. आधी नुसतं तोंडाशी टेकवून थांबा, दोन-तीन श्वास, मग थोडं, परत थांबा. पहिल्या वेळी पूर्ण आत गेलंच पाहिजे असं काही नाही. थांब म्हटलं की थांबायचं, हे आधीच ठरलेलं हवं. सुकल्यासारखं वाटलं की लगेच परत जेल, "आता मध्येच कुठे" म्हणून रेटायचं नाही.

नंतर लघवी करा, साध्या पाण्याने धुवा. झोंबत असेल तर रुमालात गुंडाळलेला बर्फ बाहेरून पाच मिनिटं.

चेक: दुसऱ्या दिवशी सकाळी आग नाही, रक्त नाही? मग पुढच्या आठवड्यात परत. आग आहे? दोन आठवडे थांबून सहाव्या पायरीवर.

९. तीन महिने झाले तरी दुखतंय तर

परत डॉक्टर, आणि यावेळी प्रश्न वेगळा विचारा: "निदान बरोबर आहे का?" लायकेन, स्नायू, आतली गाठ, अंग बाहेर येणं, डोस कमी पडणं, किंवा क्रीम आत जातंय पण तोंडाशी लागतच नाहीये. यातलं शेवटचं आश्चर्य वाटेल इतक्या वेळा निघतं.

याच टप्प्यावर कुणीतरी योनीच्या लेझरचं पॅकेज सुचवतं, "तीन सिटिंगमध्ये पूर्ववत". अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय मशिन्सवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्येच या मशिन्सच्या अशा जाहिरातींबद्दल इशारा दिला होता, भाजणं, व्रण, कायमचं दुखणं अशा तक्रारी होत्या. आणि २०२१ मध्ये छापून आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चांगल्या ट्रायलमध्ये खरं लेझर आणि नुसतं नाटकाचं लेझर यांत वर्षभरानंतर फरक आढळला नाही. पैसे फिजिओला द्या.

सगळं जमून आलं तरी क्रीमचे दोन वार आणि मॉइश्चरायझर चालू ठेवा, वर्षातून एकदा गायनॅककडे जाऊन चिठ्ठी नवी करून घ्या, आणि मधे कधीही रक्त दिसलं तर वर्ष संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा.